चटई कोण उचलणार

पुरतं उजाडलंही नव्हतं तेव्हा ती माणसं फुआतिनोच्या अंगणात येऊन बसली. तिने मच्छरदाणी बाजूला सारली. वाळूत गुडघे टेकलेली एकोणीस माणसं, सगळ्यांच्या माना खाली. सर्वांत पुढे एकच आकृती, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत बारीक विणीच्या जुन्या चटईखाली झाकलेली. चेहरा बघायची गरजच नव्हती. ती चटई फुआतिनोच्या आईने चार वर्षं डोळे फोडून विणली होती आणि ती थोरल्या भावाच्या घरी असायची. म्हणजे चटईखाली तुपुओला होता. अख्ख्या घराण्याचा कर्ता, बहात्तर वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांनी अधू.

त्याच्या शेजारी सरपणाची मोळी, भट्टीचे काळे दगड आणि केळीची पानं रचून ठेवली होती.

हे घडणार हे तिला कालच कळलं होतं. तरी माणूस उगाच आशा धरतो. काल दिवसभर गावच्या पंचांचा वाद एकाच गोष्टीवर चालला होता. गुन्हा केलेल्या घराने चटई पांघरून दुखावलेल्याच्या दारात जाऊन बसायचं आणि त्याने चटई उचलली की माफी, हे ठरलेलंच. पण परदेशातून सहलीला आलेल्या पोरीचं सामोआत दार कुठलं? शेवटी पाउलोने, म्हणजे गावाच्या वतीने बोलणाऱ्या पंचाने, निकाल दिला. जिथे पोरगी झोपत होती तेच तिचं घर. म्हणजे फुआतिनोच्या किनाऱ्यावरच्या पाहुण्यांच्या झोपड्यांतली तिसरी झोपडी. फुआतिनो त्या पोरीची यजमान आणि बसलेल्या म्हाताऱ्याची सख्खी बहीण. अशी तिची कुचंबणा झाली होती, आणि गावातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नव्हतं.

रांगेत सगळ्यांत शेवटी, निळ्या शर्टात, फालानिको होता. तुपुओलाचा नातू, वय वर्षं पंधरा. तीन दिवसांपूर्वी दुपारी धबधब्याच्या वाटेवर त्याने त्या परदेशी पोरीकडे, सिग्नेकडे, वाटेचे पैसे म्हणून दहा टाला मागितले. तिने ते वाटेच्या तोंडाशी बसलेल्या बाईकडे आधीच दिले होते, तसं ती म्हणाली. त्याने फोन हिसकावला, तिने त्याचा शर्ट धरला, त्याने दगड उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. आणि ती खाली पडल्यावर पुन्हा एकदा घातला. पोलिसांनी जबाब घेतला आणि अल्पवयीन म्हणून त्याला सोमवारपर्यंत घरच्यांच्या ताब्यात दिलं. त्या दुसऱ्या घावाबद्दल घरातही कुणी तोंड उघडत नव्हतं.

नीरफणसाच्या झाडाखाली गावातली तरणी पोरं उभी होती. हातात कोयते, पायाशी रॉकेलचा डबा. बाराला शंख वाजेपर्यंत चटई उचलली गेली नाही तर तुपुओलाचं घर जाळायचं, डुकरं मारायची आणि एकोणीसच्या एकोणीस माणसांना कायमचं गावाबाहेर काढायचं, असं ठरलं होतं.

"कोर्ट काय दिवे लावणार?" पाउलो ओट्यावर टेकून मोठ्याने म्हणत होता, चटईखाली ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "पंधराचं पोर! दोन वर्षं सुधारगृहात भाज्या लावेल, फुकटचं खाऊन गुबगुबीत होऊन येईल. मग आहेच पुढचा पाहुणा!"

"आणि घर जाळून त्या घरातल्या तान्ह्या लेकराला कसली शिक्षा देताय रे?" फुआतिनो म्हणाली. "ते काय दगड घेऊन गेलं होतं?"

"बाई, तू आज कुणाच्या बाजूने बोलतेयस ते आधी ठरव."

पाउलोचा तिला मनस्वी राग आला, आणि तो खरं बोलला म्हणून जास्तच आला.

नऊच्या सुमारास टॅक्सीतून टॉर्बेन उतरला, सिग्नेचा बाप. कालच डेन्मार्कहून येऊन थेट राजधानीत, आपियाच्या हॉस्पिटलात गेला होता. संध्याकाळच्या विमानाने तिला न्यूझीलंडला हलवायचं होतं. त्यासाठी तिचा पासपोर्ट आणि कपडे न्यायला आला होता. उंच, वाकलेला, मळलेल्या शर्टातला माणूस. बसलेल्या माणसांना वळसा घालून तो अवघडून फुआतिनोकडे आला.

"कुणी वारलंय का?"

"नाही. ही माणसं तुमच्यासाठी आलीत."

"माझ्यासाठी?" त्याने सरपणाकडे, पानांकडे पाहिलं. "जेवण वगैरे असेल तर नको, खरंच. माझ्याच्याने खाववणार नाही."

"जेवण नाही. त्या मुलाचं घर आहे हे. आम्ही तुमचे अपराधी, आता आम्हाला भाजून खायचं तर खा, म्हणून सरपण आणि दगड आणायचे असतात."

टॉर्बेन पायरीवर बसला. मग म्हणाला, "तो कुठला?"

"शेवटचा. निळा शर्ट."

त्याने मान उंचावून पाहिलं. "हा तर मिसरूड न फुटलेला पोरगा आहे. मला वाटलं होतं..." त्याने डोळे चोळले. "दोन जखमा आहेत. पहिली मला कळते. घाबरला असेल. दुसरी कशासाठी?"

फुआतिनोने फालानिकोला तीन दिवसांत तीनदा हेच विचारलं होतं.

"मी शाळेत शिकवतो," टॉर्बेन म्हणाला. "आमच्याकडे अशा पोराला उबदार खोलीत ठेवतात. दर आठवड्याला एक बाई येऊन विचारते, बाळा, तुला कसं वाटतंय. ते बरोबरच आहे असं मी आयुष्यभर म्हणत आलो, त्यासाठी सह्या गोळा केल्यात. आणि काल रात्रभर तिच्या उशाशी बसून मी याचे हात मोडत होतो. मनात. एकेक बोट."

"साहजिक आहे."

"ही चटई उचलली तर कोर्ट त्याला सोडून देईल?"

"नाही. कोर्ट कोर्टाचं करणार. थोडी कमी शिक्षा होईल, इतकंच. पण गाव मग त्या घराला बोट लावणार नाही. सगळं तिथल्या तिथे संपतं."

"आणि नाही उचलली तर?"

तिने भुवया नीरफणसाकडे उडवल्या. टॉर्बेनने वळून पाहिलं. कोयते दिसले, मग डबा दिसला.

"हे मी ठरवायचं? का? तुमचे न्यायाधीश आहेत, पोलीस आहेत..."

"ज्याचं दुखलं, तोच ठरवतो. दुसऱ्याला तो हक्कच नाही आमच्यात."

"मग तो हक्क सिग्नेचा आहे."

"ती शुद्धीवर नाही. तोवर तुमचा."

तो उठून तिसऱ्या झोपडीत गेला. दारातून तो पाठमोरा दिसत होता. पोरीचा एकेक कपडा घडी करत होता, मोडत होता, पुन्हा करत होता.

ऊन चढलं. अकरा वाजून गेले. चटई एका बाजूला कलली, सावरली, पुन्हा कलली. फुआतिनोच्या घशाला कोरड पडली होती पण ती पाणी प्यायली नाही. भावाला घोटभर पाणी द्यायची तिला मुभा नव्हती, मग ती तरी कशी पिणार? लहानपणी ती पडली की तिला खांद्यावर घेऊन फिरणारा तिचा दादा वाळूत बसून भाजत होता. एखादा तास, फार तर. त्यापुढे म्हातारा टिकला नसता.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. ती चुलीमागे गेली.

हॉस्पिटलातून होता. सिग्नेला त्या दिवशी तिनेच मोटारीत घालून नेलं होतं, तिचाच नंबर तिथे लिहिलेला होता. "बाई, तिचे वडील आहेत का जवळ? त्यांचा फोन इथे चालत नाही. आम्ही फार प्रयत्न केला. दहा चाळीसला गेली ती." मग नर्सने विचारलं, "तुम्ही सांगता, की आम्ही बोलू?"

"मी सांगते," फुआतिनो म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

ती पोरगी आठ दिवस या चुलीपुढे बसून खोबरं किसायला शिकत होती. बोटं कापून घेत होती आणि खिदळत होती. फुआतिनोला हुंदका फुटला, तो तिने कमरेला गुंडाळलेल्या लुंगीचा, लावालावाचा, सोगा तोंडात कोंबून दाबला. आणि त्या हुंदक्याच्या मागोमाग, लाज वाटावी इतक्या लगेच, दुसरा विचार आला. हे आत्ता सांगितलं तर तो चटई उचलणार नाही. कोण उचलेल?

ती पुढे आली तर टॉर्बेन पोरीची बॅग खांद्याला लावून बाहेर पडला होता.

"उचलतो," तो तिला म्हणाला. "त्या मुलासाठी नाही. सिग्नेने मला ओढत नेलं असतं, म्हणून."

झोपडीपासून चटईपर्यंत वीसेक पावलं होती. एवढ्या वेळात सांगता आलं असतं. ती सोबत चालली. अठराव्या पावलालाही वेळ होता. ती बोलली नाही.

टॉर्बेन वाकला. चटई त्याला वाटली त्यापेक्षा हलकी निघाली. खाली तुपुओला उघड्या अंगाने, घामाने निथळत, डोळे मिटून बसला होता. उजेड पडला तसे त्याने डोळे उघडले. टॉर्बेनने हात दिला. म्हाताऱ्याने तो कपाळाला लावला आणि लहान मुलासारखा रडला. मागे बायका रडू लागल्या. पाउलोसुद्धा ओट्यावरून उठून उभा राहिला. नीरफणसाखाली कुणीतरी कोयता मातीत रोवला. "चला, आजचं रॉकेल वाचलं," एक जण म्हणाला, आणि पोरं हसली.

"फोन द्या ना जरा," टॉर्बेन फुआतिनोला म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर किंचित रंग आला होता. "नर्सला म्हणतो, तिच्या कानाशी धर. बेशुद्धीतही ऐकू जातं म्हणतात. तिला सांगायचंय मी काय केलं ते."

फुआतिनोचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला.

तुपुओला तिच्याकडे बघत होता. ती जन्मल्यापासून त्याने तो चेहरा पाहिला होता.

"फुआ," तो त्यांच्या भाषेत म्हणाला. "कधी?"

"दादा, तू आधी घरी जा. पाणी पी."

"कधी गेली?"

"त्यांनी उचलायच्या आधी." ती हात जोडून म्हणाली, "झालं ना आता. उचलली त्यांनी. सगळ्या गावाने पाहिलं. तान्हं लेकरू आहे रे घरात."

"चोरून घेतलेली माफी मला देतेस?" तो एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं.

त्याने टॉर्बेनच्या हातातून चटई हळूच काढून घेतली. एक गुडघा टेकला, मग कण्हत दुसरा. चटई डोक्यावरून ओढून घेतली.

"काय झालं?" टॉर्बेन रिकामे हात तसेच धरून उभा होता. "मी काही चुकलो का? कशी उचलायची असते?"

बायकांचं रडणं थांबलं. रांगेच्या शेवटून फालानिको उठला. तीन दिवस तो सांगितल्याशिवाय हललाही नव्हता. सगळ्यांच्या समोरून, टॉर्बेनच्या अगदी जवळून चालत तो पुढे आला, आजोबाच्या शेजारी गुडघ्यांवर बसला, चटईची कड उचलली आणि आत शिरला.

नीरफणसाखाली एकाने मातीतला कोयता उपटला. दुसऱ्याने डबा उचलून या हातातून त्या हातात घेतला.

फुआतिनोने टॉर्बेनच्या खांद्यावरची बॅग उतरवून वाळूत ठेवली, त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सांगायला तोंड उघडलं. बाराला अजून दहा मिनिटं होती.