दारावरची कप्पी

ठाण्याच्या भावजयीचं, रोझचं पत्र पेसाहच्या सणाआधी आलं होतं. आता त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा शावुओतचा सणही उलटला होता, तरी इस्राएलातल्या डिमोनाहून शमुएलने उत्तर दिलं नव्हतं. मागणी साधीच होती. 'ह्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. डिमोनात लिआवहिनी घरीच दोरी ओढून हात सुधारतात म्हणे. ती कशी बांधायची ते कळवा.'

शमुएलने सात मसुदे केले. कुपात होलिम या आरोग्यविम्याच्या दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई दर गुरुवारी घरी येऊन त्याच्या बायकोला, अर्धांगवायू झालेल्या लिआला जे सांगायची, ते सगळं त्यांत होतं. पण आपण कुठले डॉक्टर? चुकीचं लिहिलं आणि भावाचा, हासाजीचा हात आणखी बिघडला तर? मसुदा पुन्हा खणात जायचा.

आज रोझचं दुसरं पत्र आलं. 'आपलं उत्तर वाटेत गहाळ झालं असावं. ह्यांचा खांदा आखडत चाललाय. असाच राहिला तर पुढे वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.'

"गहाळ," लिआ म्हणाली. "सात वेळा गहाळ झालं म्हणावं, तुमच्या खणात. वाचा तो सातवा."

तो चाचरत वाचू लागला. " 'रुग्णाने दोन्ही मुठी घट्ट आवळून...' "

"थांबा. माझी मूठ आवळत असती तर ही दोरी कशाला ओढत बसले असते? या इकडे. बसा खुर्चीत."

दाराच्या चौकटीला वर कप्पी होती, तिच्यावरून दोरी, दोन्ही टोकांना लाकडी दांड्या. शमुएल त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसत होता.

"उजवा हात मेलेला समजा. डाव्याने ओढा."

त्याने ओढलं. उजव्या हातातली दांडी सुटली ती थेट कपाळावर आपटली.

"दीड वर्ष समोर बसून दोरीचे हेलकावे मोजताय," लिआ म्हणाली, "पण हात काही बघितला नाहीत."

तिने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी काढली. दांडीवर आपला लुळा उजवा तळवा ठेवला, पट्टी मनगटापर्यंत गुंडाळली आणि डाव्या हाताने, दातांनी गाठ मारली.

"लिहा. कातडी पट्टा नको. चामडी सोलते आणि लुळ्या हाताला कळतही नाही. रोज दोनदा, हळूहळू. खांदा दुखला की थांबायचं."

एका पानात झालं, चित्रासकट.

"शेवटी 'जाणकाराला विचारून' असं घालू का?"

"घाला. तेवढं एकच वाक्य. आणि निघा, पोस्ट बंद होईल."

पेटीपाशी त्याला शंका आली, चित्रात डावं-उजवं उलट तर झालं नाही? पण पाकीट बोटांतून सुटलं होतं, आणि पेटीच्या फटीत हात जात नव्हता.