ओ द्यायची नाही

शिंपीणकाकू चहा पीत पीत रंगात येऊन सांगत होत्या, आणि थोरलीचा हात किटलीवरच थांबला.

"भरदुपारी वरून ठकठक. मी मशीन थांबवलं, कान दिला, तर हाक. 'शिंपिणी, अगं शिंपिणी.' हुबेहूब ताईंचा आवाज. म्हटलं, ही भुताटकी. भूत ओळखीच्याच आवाजात बोलावतं, ओ दिली की संपलं. कडी घातली अन् रेडिओ लावला. त्यानंच ताईंना पाडलं असणार बघ, मग माझ्या मागे लागलं."

ताई म्हणजे थोरलीची आई, काकूंच्या वरच्या मजल्यावर एकटीच राहणारी. मोडलेला खुबा जोडून कालच घरी आलेली, आता भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली होती. त्या दुपारी ती न्हाणीघरात घसरली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथंच तांब्या आपटत राहिली. डोक्यावरच्या नळाला हात पुरत नव्हता. शेवटी दूधवाल्यानं हाक ऐकली. त्यानं लगेच ओ दिली आणि दार फोडलं.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"काकू, ती आई होती."

"असंच वाटतं गं आपल्याला. तेच तर त्याचं..."

"आई होती. तुमचं नाव घेत होती, कारण या इमारतीत तिला दुसरं कोणी नाही."

भूत हा शब्द मोठा सोयीचा. माणूस म्हटलं की जिना चढावा लागतो, पाणी द्यावं लागतं, डॉक्टर गाठावा लागतो. भूत म्हटलं की कडी लावली, झालं. वर आपणच घाबरलेले, म्हणून चहाही आपल्यालाच.

"मला कसं कळणार?" काकू पुटपुटल्या. त्यांचा चहा बशीत सांडला होता.

थोरलीला त्यांना दंडाला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. पण रजा संपली होती. उद्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला बेकरीतली पाळी, आणि दिवसभर आईच्या हाकेच्या अंतरावर हीच एक बाई. अडला हरी, दुसरं काय. तिनं घराची दुसरी किल्ली टेबलावर आपटली.

"हाक आली की वर यायचं."

काकूंनी किल्लीकडे पाहिलं, हात लावला नाही. "येईन गं. पण हाक ताईंचीच, हे ओळखायचं कसं?"

थोरलीच्या तोंडाशी शिवी आली होती. तेवढ्यात भिंतीकडून आई बोलली.

"ओळखूच नकोस. भूत असलं तरी ये. त्यालाही तहान लागलेली असते."

काकूंनी खाली मान घालून किल्ली उचलली आणि त्या निघाल्या. थोरलीनं त्यांच्याकडे न बघता दार उघडून धरलं. त्या जिना उतरू लागल्या, तशी आईनं आवाज दिला, "शिंपिणी."

पावलं थांबली. ओ यायला इतका वेळ लागला, की थोरलीचं डोकं पुन्हा भणाणलं.

मग खालून, चाचरत, "आले, ताई."