पाणी उतरल्याचा आवाज

मी एक जुना पितळी नळ आहे. आमच्या घरात आम्ही चार नळ आहोत. स्वयंपाकघरात मी, न्हाणीघरात दोघे आणि बोळातल्या हात धुण्याच्या जागी एक. भिंतींतून आणि जमिनीखालून फिरणारा लोखंडी पाइप एकोणीस मीटर आहे. बोळाच्या भिंतीवर पाणी उतरवायची एक मूठ आहे. रॉकेलची शेगडी एकच. आणि घरात माणसं दोन होती, कुनियोशी आणि इत्सुए.

मित्रांनो, माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. वितळलेलं पितळ आत ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला, कानशीने माझ्या कडा घासल्या आणि वर चकचकीत मुलामा चढवला. मग मी आगगाडीने उत्तरेला, होक्काइदोमधल्या रिकुबेत्सु गावी आलो. कुनियोशी तिथल्या लाकडाच्या वखारीत काम करायचा. नवं घर त्याने स्वतः उभं केलं होतं. मला बसवून पाणी सोडलं, तेव्हा इत्सुएने माझ्याखाली ओंजळ धरली. “अहो, हा किती हलका फिरतो बघा, एका बोटाने!” ती म्हणाली. माझं एवढं कौतुक नंतर कुणी केलं नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत जातो. झोपताना शेगडी विझवतात. पाणी गोठलं की फुगतं. शंभर पेले पाण्याचा जवळपास एकशे नऊ पेल्यांएवढा बर्फ होतो, आणि पाइपला तेवढं फुगता येत नाही. म्हणून आमच्या गावात झोपण्याआधी घरातलं पाणी उतरवतात. बोळातली मूठ फिरवली की बाहेरचं पाणी बंद होतं आणि पाइपमधलं पाणी गारठा पोचत नाही अशा खोल जमिनीत उतरतं.

पण ते आपोआप उतरत नाही. सरबताच्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबून ती उचला, सरबत आतच राहतं. बोट काढलं की पडतं. पाइपचंही तसंच. वरून हवा आत गेली, तरच पाणी खाली जातं. त्यासाठी नळ उघडावे लागतात.

कुनियोशी रोज मूठ फिरवायचा आणि अंथरुणात शिरायचा. त्याच्यामागून इत्सुए दिवे मालवत यायची. आधी मला उघडायची, मग न्हाणीघरातल्या दोघांना, शेवटी बोळातल्याला. आम्ही हवा ओढायचो. शूऽऽ असा लांब आवाज व्हायचा, शेवटी एक गुरगुर.

“ऐकलंस? उतरलं पाणी,” कुनियोशी पांघरुणातून म्हणायचा. “माझी मूठ अशी काम करते. शेजाऱ्यांचा पाइप दोनदा फुटला. आपला एकदाही नाही.”

“हो तर! तुमच्या मुठीला सोन्याने मढवायला हवं,” इत्सुए म्हणायची आणि हसत दिवा मालवायची.

सकाळी तीच आधी उठून आम्हाला बंद करायची. मग कुनियोशी मूठ वर फिरवायचा आणि आम्ही खोकत, थुंकत पाणी सोडायचो. अशी एक्केचाळीस वर्षं गेली. आम्ही उघडे असतो हे त्याला कधी दिसलंच नाही. तिनेही कधी सांगितलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात इत्सुएने पिंपात मुळ्याचं लोणचं घातलं, ते दाबायला वर एक दगड ठेवला आणि माझ्या पायाशी, फळ्यांखालच्या खड्ड्यात पिंप ठेवलं. नोव्हेंबरच्या सातव्या दिवशी ती अंगणात पडली, ती उठली नाही.

साप्पोरो शहरात राहणारी त्यांची मुलगी मासुमी आली होती. “बाबा, तिकडे चला. इथे एकटे कसे राहाल?”

“घर मी बांधलंय. मला ठाऊक आहे ते कसं सांभाळायचं.”

“बरं, हा एक हिवाळा. पण काही बिघडलं, तर मी येऊन घर बंद करणार. मग तोंड फुगवायचं नाही.”

“नाही फुगवणार.”

तो रोज न चुकता मूठ फिरवायचा. मग अंथरुणात पडून बराच वेळ कान देऊन राहायचा. आवाज येत नसे. मी ओरडून सांगू शकलो असतो तर! सकाळी मी खोकत नव्हतो, पाणी लगेच यायचं. “शहाणा झालास म्हातारपणी,” तो मला म्हणायचा. जेवताना लोणच्याच्या दोनच चकत्या घ्यायचा, पिंप वसंतापर्यंत पुरायला हवं म्हणून.

त्या वर्षी थंडी तोवर सौम्य होती, म्हणून निभावलं; जानेवारीच्या अठराव्या पहाटे मात्र पारा एकदम शून्याखाली अठ्ठावीसवर गेला. माझ्यातून थेंब आला नाही. त्याने शेगडी पेटवली. दुपारी भिंतीतला बर्फ वितळला आणि माझ्यामागचा पाइप फुटलाय हे तेव्हा कळलं. पाणी फळ्यांखाली गेलं. पिंप बुडालं.

नळकाम करणारा ओबाता त्याचा जुना मित्र. त्याने फुटका तुकडा कापून काढला. “काय रे, नळ उघडले नव्हतेस?”

“नळ? ते कशाला?”

“थट्टा करतोस होय? हवा कुठून शिरणार आत?”

“मी कधीच उघडले नाहीत. एक्केचाळीस वर्षं नुसती मूठ फिरवतोय. पाणी उतरायचं की!”

“मग दुसरं कुणीतरी उघडत असेल,” ओबाता म्हणाला आणि पाना खाली ठेवून त्याच्या शेजारी बसला.

कुनियोशी म्हणाला, “रात्री एक आवाज यायचा. मला वाटायचं, मुठीचा. ती गेल्यापासून येत नव्हता. म्हटलं, ती नाही म्हणून घर गप्प झालंय.”

मासुमी दोन दिवसांनी आली. त्याने तोंड फुगवलं नाही. फक्त लोणच्याचा दगड धुऊन, कापडात गुंडाळून सामानात ठेवला.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरात जे काम बिनबोभाट होतं, ते कोण करतं, हे ते माणूस असतानाच विचारा. रात्री त्याच्या मागून एकदा चालून बघा.

निघायच्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी होती. “बाबा, पाणी मी उतरवू का?” मासुमीने विचारलं.

“नको. तू मूठ फिरव. नळ माझ्याकडे.”

मूठ फिरली. त्याने आधी मला उघडलं, एका बोटाने. मग न्हाणीघरातल्या दोघांना, शेवटी बोळातल्याला. तो बोळातच थांबला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

आवाज अकरा सेकंद टिकला.