शेजारच्या सीटचा ब्रेक

मॅडमना चालायची सवय नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचा अर्धा जन्म गाडीत गेला होता, आणि तोही शेजारच्या सीटवर. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवली होती. ड्रायव्हिंग स्कूलची ती छोटी पांढरी गाडी कोपऱ्यावर दिसली की आया आपापल्या पोरांना फुटपाथवर ओढून घ्यायच्या. त्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मॅडमच्या. गावातली कित्येक माणसं, कुत्री आणि विजेचे खांब अजून धडधाकट आहेत ते या दुसऱ्या ब्रेकच्या कृपेने.

नवऱ्याचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं. दुकानावर त्यांच्या स्वतःच्या नावाची ऐसपैस पाटी होती, तरी गाव त्यांना 'मॅडमचे मिस्टर' म्हणूनच ओळखायचं. मिस्टर स्वभावाने गरीब, त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्यांना गाडी येत नव्हती. लग्नानंतर बायकोकडून शिकायचा एक प्रयत्न झाला होता, पण पहिल्याच धड्यात संसार मोडायची वेळ आली, तेव्हा दोघांनी शहाणपणा करून तो विषय कायमचा मिटवला.

गावाच्या कडेला एक चढ होता. तिथे मॅडम शिकणाऱ्यांना गाडी थांबवून पुन्हा चालू करायला लावत. त्याच चढावरून ती वाट जायची. फार जुनी, यात्रेची वाट. लांबच्या कुठल्या देवस्थानापर्यंत पोचणारी, सगळी चालायची म्हटली तर महिना पुरत नाही अशी. वळणावळणावर दगडांवर पांढरी पावलं रंगवलेली. पाठीवर बोजे घेतलेले यात्रेकरू तिथे रस्ता ओलांडायचे, आणि मॅडम शिकणाऱ्याला म्हणायच्या, "थांब. आधी त्यांना जाऊ दे." वर्षानुवर्षं त्यांनी असं लोकांना जाऊ दिलं.

मग एका सकाळी एक बाई रस्ता ओलांडताना दिसली. मॅडमच्याच वयाची, केस विस्कटलेले, बरोबर कुणी नाही. स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती आणि स्वतःच त्यावर हसत होती. गाडीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मॅडमना तिचा हेवा वाटला. साधासुधा नव्हे, चांगला जळजळीत हेवा. शेजारी बसलेल्या मुलाने गाडी बंद पाडली, तरी त्यांच्या ते बराच वेळ लक्षात आलं नाही.

सगळी वाट काही त्यांना नको होती. तेवढे दिवसही नव्हते आणि तेवढे गुडघेही. चार दिवसांचा एक तुकडा चालायचा, एवढंच मनात आलं. पण एकटीने. हे 'एकटीने' त्यांनी मनातल्या मनातसुद्धा जरा हळूच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि बेत आखला. पहिला मुक्काम तळ्याकाठच्या धर्मशाळेत, कारण तिथे पोचायला फार वेळ लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घाट. घाट तसा अवघड नाही, दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढतो. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला त्यांनी मोठ्या ऐटीत फोनवर हे सगळं ऐकवलं.

लेक म्हणाली, "आई, तू चालत जाणार आहेस ना?"

"हो मग."

"मग दुसरा गिअर कुणाचा?"

मॅडमनी नकाशाकडे पाहिलं. त्या नेहमी गाडीने जात तेवढं सगळं अंतर त्यांनी एका दिवसात घातलं होतं. धर्मशाळेत पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला असता. लेक इतकी हसली की तिच्या ऑफिसातलं कुणीतरी चौकशीला आलेलं फोनवर ऐकू आलं. शेवटी हसू आवरून ती म्हणाली, "मी रजा टाकू का? दोघी जाऊ." मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "नको गं, तुझ्या कामाचं काय," आणि फोन ठेवल्यावर आपण खरं कारण सांगितलं नाही याची त्यांना चुटपुट लागली.

लेकीचं निभावलं, पण खरं घोडं पुढेच अडलं. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "त्या यात्रेच्या वाटेवर चार दिवस चालून यावं म्हणते."

मिस्टरांचा घास हातातच राहिला. चेहरा असा उजळला, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं. "किती दिवसांनी तुला असं काही सुचलं," ते म्हणाले. "जाऊ की. दुकान ठेवू बंद. कधी निघायचं?"

आता इथे मॅडमनी लगेच तोंड उघडायला हवं होतं. भर चौकात शिकणाऱ्याने चुकीचं वळण घेतलं तर त्या पापणी लवायच्या आत ब्रेक मारायच्या. पण नवऱ्याचा तो आनंदी चेहरा पाहून त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. "बघू," त्या म्हणाल्या. बघू म्हणजे हो, हे कुठल्याही नवऱ्याला कळतं.

त्यानंतर मिस्टरांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बूट आणले. घरातल्या घरात ते बूट घालून फिरू लागले, कारण नवे बूट आधी मुरवावे लागतात असं त्यांना कुणी गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. पाठपिशवीत उशा भरून ते जिना चढले-उतरले. त्यांची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, सहज म्हणून आल्या, तर त्यांच्यासमोरही त्यांनी सगळा बेत उलगडला. वन्सं मॅडमना म्हणाल्या, "वहिनी, कसला नवस फेडायचाय का? मलाही एक बोलायचा होता, माझे गुडघे जरा बरे असते तर मीही आले असते हो." वन्संच्या गुडघ्यांचे मॅडमनी मनापासून आभार मानले.

आणि मग एका संध्याकाळी मिस्टर दुकानातून दोन डब्या घेऊन आले. आत उन्हाचे चष्मे. दोघांच्या नंबरचे, एकसारख्या फ्रेमचे, काचा त्यांनी स्वतःच्या हाताने घासून बसवलेल्या. "वाटेवर ऊन लागेल," ते जरा लाजत म्हणाले. मॅडमनी चष्मा घातला, आरशात पाहिलं, छान म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. एवढ्या भल्या माणसाला 'तुम्ही येऊ नका' कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं तर ती केस विस्कटलेली बाई होणं आपल्याला या जन्मी काही जमायचं नाही.

सरावासाठी रविवारी नदीकाठाने थोडं चालून यायचं ठरलं. मिस्टर पुढे, मॅडम मागे. हवा सुरेख होती, झाडांत पाखरं होती, आणि मॅडमचं तोंड एक क्षण बंद नव्हतं.

"डावीकडून चला. अहो, डावी बाजू. पुढे खड्डा आहे. मागून कुणी येतंय का बघा आधी. इतक्या जोरात नको, वळण आहे."

मिस्टर मुकाट्याने डावीकडून चालत होते. त्यांना सवय होती. सवय मॅडमनाही होती, पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना आपला आवाज बाहेरून ऐकू आला. नदी कुठल्या रंगाची आहे हे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. त्या फक्त नवऱ्याच्या टाचा बघत होत्या.

पुढे उतार लागला. बारीक खडीचा. समोरून एक सायकलवाला वेगाने चढत आला आणि मिस्टर वाटेच्या मधोमध. मॅडमनी होता नव्हता तेवढा जोर लावून उजवा पाय दाबला.

गाडीत असत्या तर गाडी जागच्या जागी थांबली असती. इथे पायाखाली खडी होती. पाय सर्रकन पुढे गेला, बाकीच्या मॅडम मागे राहिल्या आणि दाणकन खाली बसल्या. मिस्टर केव्हाच आपणहून बाजूला झाले होते. सायकलवाल्याने त्यांना मान डोलावून नमस्कारही केला आणि तो निघून गेला. पडल्या त्या एकट्या मॅडम.

मिस्टर धावत मागे आले. "लागलं का? कुठे लागलं? अगं, पडलीस कशी?"

"ब्रेक दाबला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. मिस्टरही हसले. मग हसता हसता मॅडमचे डोळे भरून आले, आणि खडीतच बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "अहो, मला एकटीला जायचंय."

मिस्टरांचं हसू विरलं. ते शेजारच्या दगडावर टेकले. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकायचंय. तुम्ही शेजारी असलात की माझा पाय ब्रेकवर असतो. पोरगी शेजारी असली तरी. आई होती तेव्हा तिच्याही शेजारी. कुणीही बरोबर असलं की त्याला कुठे धडक बसेल एवढंच मला दिसतं. दुसरं काही दिसतच नाही हो. मला चार दिवस त्या पायाने नुसतं चालायचंय."

मिस्टरांनी हात देऊन मॅडमना उठवलं, पाठीची धूळ झटकली, आणि परतताना ते मागे चालले. घरी येऊन बूट काढले आणि कपाटात ठेवून दिले.

पुढचे काही दिवस घरातल्या जेवणाची चव उतरली होती. भांडण नव्हतं. मिस्टर वेळेवर दुकानात जात, वेळेवर येत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. मॅडमनी दोनदा ठरवलं की मसणात गेली ती वाट, आणि दोन्ही वेळा नकाशा घडी घालायला घेऊन पुन्हा पसरून ठेवला. आता त्यावर त्यांनी माणसाला झेपतील असे छोटे टप्पे आखले होते.

शेवटी मिस्टरच बोलले. चष्मा पुसत बोलले, म्हणजे समोर पाहावं लागत नाही. "तुझ्या सोबतीसाठी येत होतो असं मलाही वाटत होतं. पण खरं सांगू? या घरात मी कधी एकटा राहिलेलो नाही. आधी आईवडील, मग तू. दिवे मालवल्यावर घर कसं वाटतं ते मला ठाऊकच नाही. तू एकटी जाणार म्हटल्यावर मला तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठीच भीती वाटली."

लगेच मॅडमच्या डोक्यात सूचना रांगेत उभ्या राहिल्या. वन्संकडे जेवायला जा, दिवा चालू ठेवून झोपा, दाराची वरची कडी लावा. तोंड उघडलंही होतं. मिस्टर वाट बघत होते.

"मलाही भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. बाकीचं सगळं त्यांनी गिळलं. सोपं नव्हतं ते.

"मग ठीक आहे," मिस्टर म्हणाले. "दोघंही भिऊ. तू तिकडे, मी इकडे."

निघायच्या दिवशी सकाळी मिस्टरांनी त्यांना घरातली कामं करूच दिली नाहीत. "आजपासून मी एकटा ना? मग चहाही मीच करणार." त्या जोडीतला स्वतःचा उन्हाचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला होता, घरातल्या घरात, उगीचच. मॅडमनी पिशवी पाठीवर घेतली. मिस्टरांनी दारात बायकोचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ, आणि मग घाईने आत वळले, कारण दूध गॅसवर होतं.

मॅडम दोन मजले उतरल्या असतील नसतील तोच वर चर्र झालं. मागोमाग जळक्या दुधाचा वास जिन्यात उतरला, आणि काहीतरी भांडं घरंगळल्याचा आवाज.

त्या जागच्या जागी थांबल्या. उजवा पाय पायरीवर घट्ट रोवलेला.

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी परीक्षक गाडीत बसतो आणि शिकवणारी फुटपाथवर उभी राहते. गाडी वळणाआड जाते, आणि त्यानंतर तिच्या हातात काही नसतं. कितीदा मॅडम तशा उभ्या राहिल्या होत्या. दर वेळी वाटायचं की धावत जावं, आणि दर वेळी त्या जागच्या हलल्या नव्हत्या, कारण धावत गेलं की पोरगं नापास.

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "काही झालेलं नाही," मिस्टरांचा आवाज आला. आवाज धापा टाकत होता. "काहीसुद्धा नाही. तू जा."

त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मॅडमना लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी वर मान केली. जिन्याच्या झरोक्यातून काही दिसत नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "येते."

आणि उरलेल्या पायऱ्या उतरल्या. गॅस बंद केलात का, हे त्यांनी विचारलं नाही.