बाईंच्या टाकीचा दिवा

शिंप्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. सारी गल्ली तिला बाई म्हणायची, नवरासुद्धा. बैठकीच्या खोलीत बाईंनी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली होती. तिच्यात जिवंत प्रवाळं, दोन नारिंगी मासे, आणि वर उन्हासारखा कडक उजेड देणारा मेटल हॅलाइडचा दिवा. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी आहे, आणि त्याचं निम्मं पोट उजेडावर भरतं, हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. शिंपी म्हणायचा, आमच्याकडे कुणी उपाशी राहिलंच तर मीच राहीन, टाकी नाही.

थंडीत बाईंना ताप आला, छातीत उतरला आणि बघता बघता सगळं आटोपलं.

शिंप्याने टाकी पोटच्या पोरासारखी सांभाळली. मीठ कालवून पाणी बदलायचा, काच पुसायचा, हातातलं शिवण टाकून माशांना खायला घालायला उठायचा. फक्त बल्ब बदलायला त्याचा हात धजेना. हा बल्ब वर्षभराने जुना होतो. पेटलेला दिसतो, पण त्याचा जोर ओसरतो आणि उजेड पिवळट होत जातो. शोभेच्या माशांच्या दुकानदाराने दोनदा आठवण करून दिली, शिंप्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो बल्ब बाईंनी स्वतःच्या हाताने बसवला होता.

हळूहळू प्रवाळं तपकिरी पडली, काचेवर शेवाळ चढलं. परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर टाकी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आईची टाकी उपाशी मरतेय."

ते त्याला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात गेला. दुकानदाराने विचारलं, पांढरा देऊ की निळसर? जुन्या बल्बवरची अक्षरं जळून गेली होती, आणि बाई कोणता आणायच्या हे शिंप्याला ठाऊक नव्हतं. त्याने पांढरा मागितला, त्यातला सगळ्यात जोरकस. इतके दिवस उपाशी ठेवलं, आता हात आखडायचा नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

बल्बच्या काचेला बोट लागू नये म्हणून मलमलीचा धुतलेला तुकडा हातात धरून त्याने तो बसवला. टाकी लख्ख उजळली. दिवसभर दिवा तसाच ठेवून तो समोर स्टुलावर काजं करत बसला. बाई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं.

आठवडा उलटायच्या आत प्रवाळांची टोकं फिकी झाली. मग जवळजवळ सगळीच चुन्यासारखी पांढरी पडली. शिंपी धावत जाऊन दुकानदाराला घेऊन आला. त्याने टाकीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, मंद उजेडाची सवय झालेल्यांवर एकदम कडक ऊन पडलं. नवा दिवा आधी उंच टांगायचा, थोडाच वेळ लावायचा, मग रोज जरा जरा वाढवायचा.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बाईंना कधी सांगावं लागलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही. चुकलं माझं."

लेक आली तेव्हा शिंपी दारातच उभा होता. तो म्हणाला, "तुझ्या आईचं एवढंच जिवंत राहिलं होतं. तेही मी माझ्या हाताने मारलं."

मीच तुम्हाला घाई केली, असं लेक पुन्हा पुन्हा म्हणाली. तो मान हलवून नाही म्हणत राहिला. आई गेली तेव्हा दोघांनीही एकमेकांसमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता टाकीपुढे फरशीवर बसून दोघं पोटभर रडली.

मासे आणि जरासा रंग उरलेला प्रवाळाचा एक तुकडा दुकानदार घेऊन गेला. बाकीचं बापलेकीने बादल्या भरभरून उपसलं.

काही महिन्यांनी दुकानदाराचा निरोप आला: तुकडा जगला, हिरवा झालाय, येऊन बघून जा. शिंपी येतो म्हणाला. दुकानाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा तिथूनच परत फिरला.