चुआंगकाकांच्या शेवया

संकट आलं की डुकराच्या पायाच्या रश्शात शेवया खायच्या, म्हणजे पीडा टळते, ही आमच्या दोंगगांग बंदरावरची रीत. डायलिसिसचा पहिला आठवडा पार पडला म्हणून स्यू-चिनकाकूंनी नवऱ्याला शनिवार-रविवार त्याच रांधून घातल्या. सोमवारी चुआंगकाका आमच्या डायलिसिस केंद्रात आले ते चार किलोंनी वाढून. यंत्र अंगात साठलेलं ते पाणी ओढू लागलं आणि त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की जाळी विणून हात पोलादासारखे झालेला तो माणूस कळवळला.

"सुया काढ, पोरी! मी पुन्हा येणार नाही."

मी पाणी ओढणं थांबवलं, पोटऱ्या चोळल्या. ते आले नाहीत तर फार दिवस काढणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि काकूंनाही. पहिल्या दिवशी नर्स म्हणून मी सगळं समजावलं होतं. दोन सुया, चार तास, आठवड्यातून तीन वार, मधेच चक्कर आली तर लगेच सांगा. शेवयांचं मात्र राहूनच गेलं. माझा शाकाहाराचा नेम, तो रस्सा माझ्या डोक्यातच आला नाही.

"काका, चूक माझी," मी म्हटलं. "त्या शेवया मिठातच मळतात. मीठ तहान लावतं, प्यालेलं पाणी अंगात साठतं. दोन दिवसांचं पाणी चार तासांत काढायचं म्हणजे गोळे येणारच."

काकू उसळल्या. "म्हणजे मी विष घातलं?"

"मग! चाळीस वर्षं घालतेयस," काका कण्हत म्हणाले.

"मेल्या, तरी वाडगा चाटून ठेवतोस!"

मला हसू आलं. "काकू, शेवया भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या. रस्सा नको, आणि वाटी लहान. पाणीही मोजून. काका, बुधवारी एकदाच या. गोळे आले तर मी स्वतः सुया काढीन."

सुया निघताच काका तडक बाहेर पडले.

बुधवारी सकाळी जप करताना माझं लक्ष लागेना. सात वाजता केंद्राचं दार उघडलं. काकू पुढे, काका मागे. काट्यावर वाढ फक्त दीड किलो!

चार तास काका पाय हलवून बघत राहिले. गोळा नाही, चक्कर नाही. सुया निघाल्या, पट्टी बसली, तसे ते कुणाचा हात न धरता उभे राहिले आणि सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ऐका रे! शेवयांचं पाणी फेकून द्या!"

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "हळू बोल, लोक झोपलेत."

"उठू देत! शुक्रवारी खिडकीजवळची खुर्ची माझी. कुणी बसायचं नाही."