मेंदूगुरूंची दिव्यांची टोपी

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. उशिरा आलेले पालक खिडक्यांत चढून बसले होते, आणि ज्यांना तेही जमलं नाही ते पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभे होते. मंचावर एक दहा वर्षांची मुलगी होती, तिच्या डोक्यावर टोपी होती आणि टोपीवर लाल, हिरवे, निळे दिवे लुकलुकत होते. परवापर्यंत जिला फळ्यावरची तारीख वाचता येत नव्हती, ती मुलगी घडाघडा पुस्तक वाचत होती!

"एक होता नावाडी. त्याची शेळी पाण्याला घाबरायची. नावाडी म्हणाला, 'शेळीबाई, बसा नावेत.' शेळी म्हणाली, 'आधी तुम्ही पोहून दाखवा.'"

लोकांनी तोंडात बोटं घातली.

"मी काहीही करत नाही!" ही टोपी घेऊन शाळेत आलेले मेंदूगुरू दोन्ही हात पसरून म्हणाले. "मेंदूत दोन खोल्या असतात. डावीत अंधार, उजवीत उजेड. मी फक्त, अहं, मधलं दार उघडतो!" दर वाक्यात असं खाकरायची त्यांना सवय होती. लोकांना ते खाकरणंही मंत्रासारखं वाटत होतं. "आणि ज्याचं दार उघडत नाही, त्याचा, अहं, विश्वास कमी पडतो. टोपी कमी पडत नाही!"

मुलीचे बाबा बसचे ड्रायव्हर. ते मंचावर चढले आणि लेकीला टोपीसकट खांद्यावर घेऊन रडायला लागले. "माझी टकळी वाचायला लागली हो!" दिवसभर तोंड चालू म्हणून घरात आणि वर्गात तिचं नावच टकळी पडलं होतं. बाबांच्या खांद्यावरून तिला सगळी टाळकी खाली दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाच्या तरी पुढे होती. ती अक्षरशः हवेत होती.

तेवढ्यात हेडसरांनी माईक घेतला. "वाचताना अडणाऱ्या मुलांसाठी जिन्याखाली छोटी खोली ठेवली होती, आता तिची गरज उरली नाही! शनिवारी पुन्हा मोठा प्रयोग होईल, आणि सोमवारपासून ती खोली मेंदूगुरूंच्या केंद्राला देण्यात येईल!"

टकळी बाबांच्या खांद्यावरून घसरत खाली उतरली.

कारण खरी गोष्ट तिला ठाऊक होती. पुस्तक उघडलं की अक्षरं जागेवर राहायची नाहीत. घ बघता बघता ध व्हायचा, ओळी एकमेकींत घुसायच्या. पण कानावर पडलेलं एकही अक्षर ती विसरायची नाही. प्रयोगाच्या आधी मेंदूगुरूंनी 'मेंदूची साफसफाई' म्हणून काही मुलांना वेगळं बसवलं, नावाड्याचा धडा मोठ्याने वाचला आणि प्रत्येकाला तो म्हणायला लावला. टकळीने तो स्वल्पविरामासकट म्हटला. लगेच टोपी तिच्या डोक्यावर आली.

छोट्या खोलीतच तिला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं, की तुझं नेमकं अडतं कुठे? नाहीतर आतापर्यंत सगळ्यांनी 'लक्ष दे, लक्ष दे' एवढंच ऐकवलं होतं. तिथल्या बाई खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवून घ्यायच्या. खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी ओळीवर ठेवायच्या, म्हणजे एका वेळी एकच शब्द दिसायचा. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायच्या आणि वेळ जास्त द्यायच्या. काम गोगलगायीच्या चालीने पुढे जायचं, पण जायचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मंचावर वापरलेली पुस्तकाची प्रत तिच्यासमोर उघडली. पानाचा खालचा कोपरा फाटून गेला होता.

"काल तू हा कोपरासुद्धा वाचलास," बाई हसून म्हणाल्या.

टकळीने पटकन त्या कोपऱ्यावर हात ठेवला. "बाई, तुम्ही सांगणार?"

"तुला सगळ्यांसमोर खोटं पाडून मला काय मिळणार? हेडसरांना मी रोज सांगतेय की हे पाठांतर आहे. ते म्हणतात, तुमचा मत्सर बोलतोय." बाईंनी पुस्तक मिटलं. "पण एक लक्षात ठेव. तुझी स्मरणशक्ती जबरदस्त आहे आणि ती तुझी आहे, टोपीची नाही. वाचणं हे वेगळं काम आहे. ते यायला वेळ लागेल, पण येईल."

"खोली बंद झाली तरी?"

बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं एकेक करून खोक्यात भरायला घेतली.

शनिवारी गर्दी दुप्पट झाली. बाबा नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्यांना सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. त्यांच्याकडे बघून टकळीला रडू यायला लागलं. खरं सांगितलं तर बाबांची मान खाली जाणार. नाही सांगितलं तर खोली जाणार आणि तिला कधीच वाचता येणार नाही. टोपीवरचे दिवे लागले. ती म्हणू लागली, "एक होता नावाडी..." आणि मधेच तिने पुस्तक मिटून टाकलं. तोंड मात्र चालूच राहिलं.

आता तरी लोकांना कळेल, असं तिला वाटलं.

"अरे बापरे! मिटलेलं पुस्तक वाचते!" कोणीतरी ओरडलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मेंदूगुरू क्षणभर चाट पडले, पण माणूस मुरलेला होता. "बघा! दुसरी पायरी! अहं, पुठ्ठ्याच्या पार नजर!"

टकळीने टोपी काढून टेबलावर आपटली आणि पुढे म्हणत राहिली.

"तिसरी पायरी!" गुरू किंचाळले. "दिव्यांचा, अहं, असर अंगात मुरला!"

लोक खुर्च्यांवर उभे राहिले. एका आजोबांनी तर ती रिकामी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. आता मात्र टकळीचं डोकं फिरलं. तिने दोन्ही हात पसरले आणि हुबेहूब गुरूंच्या आवाजात सुरू केलं.

"मी काहीही करत नाही! मेंदूत दोन खोल्या असतात. मी फक्त, अहं, मधलं दार उघडतो!"

खिडकीतली पोरं खिदळली. मग साफसफाईच्या वेळी गुरूंनी कानात सांगितलेलंही तिने त्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"ए पोरी, नीट ऐक! पान बोटाला थुंकी लावून उलट, म्हणजे खरं वाटतं. विसरलीस तर, अहं, खोकल्याचं नाटक कर. कोणी दुसरं पुस्तक पुढे केलं तर म्हण, दिवे मंदावले! आणि बापाला यातलं काही बोलायचं नाही!"

सभागृह हसून हसून लोळायला लागलं. मेंदूगुरूंची बोबडी वळली. "मुलगी, अहं, थकलीय..." ते म्हणाले आणि त्या 'अहं'ला पुन्हा हशा पिकला.

बाबा मात्र हसत नव्हते. ते मंचावर आले, एक कोरा कागद घेतला आणि मनात आलं ते त्यावर लिहिलं. आजोबांच्या डोक्यावरची टोपी काढून लेकीला घातली. "वाच बेटा."

दिवे लुकलुकत होते आणि अक्षरं नाचत होती.

"मला नाही येत, बाबा," टकळी म्हणाली. "मला धडा पाठ होता. नुसता ऐकून."

हसणं थांबलं. गर्दीतून वाट काढत बाई आल्या, त्यांनी टोपी उतरवून कागदावर पट्टी ठेवली आणि बाजूला झाल्या. टकळीने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. इतका वेळ गेला, की हेडसर घड्याळाकडे बघायला लागले.

"पु... ढे." बोट सरकलं. "स... र... का. पुढे सरका!"

दिवसभर बसमध्ये हेच ऐकणाऱ्या ड्रायव्हरच्या हातून दुसरं काय लिहिलं जाणार? पण तिने ते इतक्या मोठ्याने वाचलं, की अर्धं सभागृह सवयीने खरोखरच पुढे सरकलं आणि मेंदूगुरू दाराबाहेर ढकलले गेले. ते परत आत आले नाहीत.

बाई लोकांकडे वळल्या. "चमत्कार बघितला की टाळ्या वाजवायच्या आधी एकच करा. नवा कागद द्या. आणि मूल अडलं, तर त्याच्यात विश्वास किती आहे ते मोजू नका, कुठे अडलंय ते बघा. त्याला कान द्या, वेळ द्या, हवी ती पट्टी द्या. डोक्यावर काही घालू नका. डोक्यात आधीच पुष्कळ असतं."

हेडसर खाली बघत होते. टकळी बाबांकडे बघत होती. बाबांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"बाई, सोमवारी ती खोली किती वाजता उघडते?"